लाईनवर राहायचं की लोकल पकडायचं : चाकणच्या एका ड्रायव्हरचं प्रकरण

ड्रायव्हर माझा मावसभाऊ. वय 37, गाव पाथर्डी तालुक्यातलं, राहायला चाकणजवळ मेदनकरवाडीत भाड्याच्या दोन खोल्यांत, सोबत बायको आणि दोन पोरं, गावाकडं मावशी एकटी. आमच्या पाथर्डी-आष्टीच्या पट्ट्यात जो ऊसतोडीला गेला नाही तो स्टिअरिंगवर बसला असा हिशोब आहे, दादा पण आधी क्लीनर, मग छोटी गाडी, मग दहा चाकी, आणि आता बरीच वर्षं 32 फुटी मल्टी अ‍ॅक्सल कंटेनर. चाकणमधून गाड्यांचे पार्ट भरायचे, हरियाणात मानेसरला खाली करायचे, तिकडून जे भाडं मिळेल ते घेऊन परत. असल्या लांब पल्ल्याच्या कामाला आमच्यात लाईन म्हणतात, आसपासच्या कामाला लोकल. मी दुसऱ्याच एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात हिशोब बघतो म्हणून घरात असलं काही निघालं की कागद-पेन माझ्याकडं येतं.

प्रश्न असा आला की लायसन रिन्यूला मेडिकल करायला गेला तेव्हा डॉक्टरनं शुगर करून घ्यायला सांगितली आणि ती निघाली जेवणानंतरची 260. ट्रान्सपोर्टचं लायसन 2019 च्या दुरुस्तीनंतर 5 वर्षांचं मिळतं, आधी 3 चं असायचं, म्हणजे सही-शिक्का मिळाला की माणूस 5 वर्षं मोकळा, पण डॉक्टर बोलला की असंच ढाब्यावर खात राहिलात तर पुढच्या वेळेला डोळे तपासताना भेटू. त्याच आठवड्यात एका कॉन्ट्रॅक्टरकडून लोकलची ऑफर आली. 20 फुटी आयशर, मिल्क रन, म्हणजे भोसरी, सणसवाडी, रांजणगावच्या छोट्या कारखान्यांतून थोडा थोडा माल उचलत चाकणच्या प्लँटला पोचवायचा. पगार 20 हजार, पीएफ-ईएसआयसी (कामगार विमा) सकट, सकाळी 8 ते रात्री 8, रविवार सुट्टी.

दादा म्हणला, "32 हजार सोडून 20 वर कोण जातंय?" वहिनी काही बोलली नाही, मला नंतर बाजूला म्हणाली, "भावजी, ते 32 आहेत का ते एकदा बघा तरी."

मग बघितलं.

लाईनच्या गाडीचा पगार एका आकड्यात सांगताच येत नाही, तिथूनच सगळा गोंधळ चालू होतो. दादाला फिक्स 15 हजार. त्यावर एका फेरीला, म्हणजे चाकण-मानेसर-चाकण, 9 हजार रोडखर्च उक्ता, त्यात खाणं, पार्किंग, पंक्चर, वराई (माल चढवा-उतरवायची हमाली), वाटेतल्या 'एंट्र्या' म्हणजे चिरीमिरी, सगळं आलं, उरले ते ड्रायव्हरचे. फास्टॅग मालकाचा, डिझेल मालकाच्या कार्डावर ठरलेल्या पंपावरून. डिझेलला 4 चं अ‍ॅव्हरेज धरलेलं, त्याच्या वर काढलं तर वाचलेल्या डिझेलचे निम्मे पैसे ड्रायव्हरला, खाली आलं तर फरक पगारातून कट. (वाचले तर निम्मे, गेले तर पूर्ण, हा न्याय कुठल्या कोर्टातला ते विचारू नका.) जाऊन येऊन 2800 किलोमीटरच्या आसपास होतात, दादाचा पाय हलका आहे, त्यामुळं फेरीमागं डिझेलचे हजार-दीड हजार आणि रोडखर्चातून चारेक हजार सुटतात. महिन्यात 3 फेऱ्या बसल्या तर 31-32 हजार होतात हे खरंय. पण 3 फेऱ्या बसायच्या कधी?

दादा खिशात डायरी ठेवतो, टायरमध्ये हवा भरली तरी लिहितो, त्यामुळं माझं काम सोपं झालं. सहा महिन्यांची डायरी आणि पासबुक शेजारी ठेवून बघितलं तर 3 फेऱ्या दोनच महिन्यांत झाल्या होत्या, बाकी सगळीकडं दोन किंवा दोन आणि अर्धी. चालवण्यात वेळ गेलाच नव्हता. नाशिक, धुळे, बिजासन घाट, सेंधवा, इंदूर, मग कोट्याच्या रस्त्यानं जयपूर आणि पुढं मानेसर, एकट्यानं चालवून साडेतीन दिवस पकडा. वेळ गेला होता तो थांबण्यात. प्लँटच्या बाहेर गाडी लावून नंबर यायची वाट बघणं, खाली झाल्यावर परतीचं भाडं मिळेपर्यंत पार्किंगला पडून राहणं, कधी दोन दिवस, कधी चार. थंडीत परतीचा माल दिल्लीतून भरायचा असला आणि ग्रॅपचा, म्हणजे तिथल्या प्रदूषणाच्या निर्बंधांचा, कडक टप्पा लागलेला असला की बहुतेक ट्रकची एंट्रीच बंद, मग बसा. आणि या थांबण्याच्या प्रत्येक दिवसाला दादाचे तीन-चारशे रुपये त्याच उक्त्या 9 हजारातून जात होते. फेरी लांबली की कमाई दोन्हीकडून खाल्ली जाते, एक तर खर्च वाढतो आणि वर पुढची फेरी मागं सरकते.

सहा महिन्यांची सरासरी निघाली 27 हजार 500. मधे एकदा कार्टन भिजले म्हणून 4 हजार डॅमेज कापलं होतं, ताडपत्रीचा प्रश्नच नव्हता, कंटेनरच्या छतालाच भोक होतं, पण ते जाऊ दे.

आता मी ऑफिसात जे कागद रोज बघतो त्यावरून सांगतो, माल पाठवणाऱ्या कंपनीबरोबरच्या रेट करारात बहुतेक ठिकाणी हाल्टिंगचं कलम असतं, अमुक तासांच्या वर गाडी अडवली तर दिवसाला इतके रुपये मालकाला. ते मालकाला मिळतात की नाही ही वेगळी रड आहे, कारण त्यासाठी गेटवर इन-आऊटची वेळ टाकून सही घ्यावी लागते आणि गेटवाला ती देत नाही. पण मिळाले तरी ते ड्रायव्हरपर्यंत येतात असं मला क्वचित दिसलंय. दादाला मी विचारलं, "हाल्टिंगचं काय?" तर हसला. त्याच्या डोक्यात थांबणं हे कामच नव्हतं, पाऊस पडतो तसं ते होणारच. माझ्या मते अख्ख्या प्रकरणाची किल्ली इथं आहे. लाईन की लोकल यापेक्षा गाडी उभी असताना पैसे कोणाच्या खिशातून जातात हे आधी विचारायला पाहिजे.

मग तासाचा हिशोब काढायला बसलो आणि त्यात आमचं भांडण झालं. मी म्हणलं, महिन्याचे 25 दिवस तू घराबाहेर, म्हणजे 600 तास, 27 हजार 500 भागिले 600, तासाला 46 रुपये. लोकलला पीएफचे 1800 आणि ईएसआयसीचे 150 कापून हातात 18 हजार 50, त्यात तुझे आणि मालकाचे मिळून पीएफचे 3600 धरले तर 21 हजार 650, आणि तास किती तर 26 दिवस, रोज 12 अधिक जायचा-यायचा एक, म्हणजे 338. तासाला 64 पडले. लोकल जिंकली.

दादा म्हणला, "माझ्या झोपेचे पण तास धरलेस काय रे तू?"

बरोबर होतं त्याचं. चालवणं आणि गाडीजवळ जागं राहणं एवढंच धरलं, दिवसाला 14 तास, तर 350 तास होतात आणि तासाला 79 रुपये, मग लाईन जिंकली. एकच माणूस, एकच डायरी, आणि उत्तर उलटं. मला वाटतं खरं कुठंतरी मधे आहे कारण कंटेनरच्या केबिनमध्ये मे महिन्यात कोट्याला झोपणं याला झोप म्हणायचं का हा प्रश्न आहे (1 ऑक्टोबर 2025 नंतर बनलेल्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झालीय पण दादाची गाडी त्याच्या कितीतरी आधीची), आणि डिझेल चोरीला जाईल म्हणून एक डोळा उघडाच असतो. आधी नॅशनल परमिटच्या गाडीला दोन ड्रायव्हरची अट होती, ती 2018 मध्ये निघाली, नाहीतरी कोण पाळत होतं म्हणा, पण आता तर मालकाला एकटा पाठवायला कागदावर पण मोकळीक आहे.

कायद्याचं एक सांगून टाकतो. 1961 च्या मोटर ट्रान्सपोर्ट वर्कर्स कायद्यात दिवसाला 8 तास, आठवड्याला 48, लांबच्या रूटला फार तर 10 आणि 54, पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती, जास्तीच्या कामाला दुप्पट पगार असं सगळं लिहिलेलं. आता ते नवीन लेबर कोडमध्ये गेलंय. दादानं यातलं एकही ऐकलं नव्हतं. आणि लोकलची 12 तासांची 'शिफ्ट' ज्याला म्हणतात ती मुळात 8 तास अधिक 4 तास ओव्हरटाइम आहे, फक्त दुप्पट दर कुठं गायब झाला ते कॉन्ट्रॅक्टरला माहीत.

आता लोकलची बाजू. घरातल्यांना वाटत होतं लोकल म्हणजे माणूस घरी. मी पण तसंच धरून चाललो होतो. पण सकाळी साडेसातला निघणार, रात्री साडेआठला आला तर आला, कारण मधे चाकण आहे. तळेगाव चौक आणि आंबेठाण चौक ज्यानं संध्याकाळी बघितलाय त्याला जास्त सांगायला नको. तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्त्यावर 20 किलोमीटरला दोन तास लागले तर कुणी आश्चर्य करत नाही. त्यात जड वाहनांच्या बंदीच्या वेळा, आणि प्लँटला माल वेळेवर पाहिजे, प्लँटची असेंब्ली लाईन थांबली तर पेनल्टी. मग सुपरवायझर फोनवर म्हणतो काढ गाडी, आणि ई-चलन येतं गाडीच्या नंबरवर, मालक ते कापतो ड्रायव्हरच्या पगारातून.

हे सगळं ऑफर देणाऱ्यानं सांगितलं नव्हतं. कळलं ते प्लँटच्या गेटसमोरच्या टपरीवर. दादाला मी एक काम दिलं होतं, की जॉईन व्हायच्या आधी त्याच कॉन्ट्रॅक्टरच्या दोन-तीन ड्रायव्हरांना चहा पाज आणि चार गोष्टी विचार. पगार किती तारखेला होतो. शिफ्ट संपल्यावर पुढचा आला नाही तर काय. चलन कोण भरतं. आणि पीएफचा मेसेज मोबाईलवर येतो का, नुसतं स्लिपवर कापलेलं दिसून उपयोग नाही, ईपीएफओच्या पासबुकात जमा दिसलं पाहिजे. उत्तरं मिळाली ती अशी: पगार 10-12 तारखेला, पुढचा आला नाही तर 'डबल' म्हणजे सलग दुसरी शिफ्ट मारावी लागते आणि डबलचे वेगळे 500 मिळतात, चलन ड्रायव्हरचं, पीएफ मात्र व्यवस्थित जमा होतो, एकानं मोबाईल काढून दाखवला.

म्हणजे कॉन्ट्रॅक्टर चोर नव्हता, नेहमीसारखाच होता.

घरच्या बाजूनं हिशोब वेगळाच निघाला. 27 हजार 500 मधून दादाचा स्वतःचा वरचा खर्च, मोबाईल, तंबाखू, कुणाला उसने, चार-पाच हजार जायचेच, घरी यायचे साडेबावीस ते साडेतेवीस. लोकलला डबा घरचा, हातात 18. खरा फरक साडेचार-साडेपाच हजारांचा. तो वहिनी भरून काढू शकत होती, तिला जवळच्या एका पॅकिंगच्या युनिटमध्ये काम मिळत होतं, पण धाकटा शाळेतून आल्यावर त्याच्याजवळ कोण हा प्रश्न होता आणि 8 ते 8 च्या लोकलनं तो सुटत नव्हता. तिनं हे सगळ्यात आधी ओळखलं होतं. मी तासाचे भागाकार करत बसलो होतो आणि ती फक्त एवढंच विचारत होती की दुपारी तीनला घरात कोण असेल.

आणखी एक गोष्ट कागदावर येत नव्हती, भीतीची. जानेवारी 2024 मध्ये नवीन कायद्यातल्या (भारतीय न्याय संहिता) हिट अँड रनच्या कलमावरून ड्रायव्हर लोकांनी गाड्या उभ्या केल्या होत्या, पंपांवर रांगा लागल्या होत्या ते आठवत असेल. 10 वर्षांपर्यंत शिक्षेचं ते कलम 106 (2), सरकारनं तेव्हा लागू करायचं थांबवलं आणि 1 जुलै 2024 ला बाकीचा कायदा आला तरी ते बाजूला ठेवलं. दादा तेव्हा इंदूरच्या बाहेर गाडी लावून बसला होता. त्याचं म्हणणं असं की परमुलखात अपघात झाला तर चूक कुणाचीही असो, लोक आधी मोठ्या गाडीवाल्याला धरतात, थांबलो तर मार खा आणि पळालो तर गुन्हेगार व्हा. इथं चाकण-रांजणगावात काही झालं तर दहा मिनिटांत चार ओळखीची माणसं उभी राहतील. याला पैशात किती धरायचं? मी काही धरलं नाही, पण निर्णयात त्याचं वजन होतं हे नक्की.

शेवटी दादानं लोकल घेतली. एक अट टाकून, की प्लँटच्या सांगण्यावरून बंदीच्या वेळात गाडी काढली तर चलन कॉन्ट्रॅक्टरचं, आणि तसा मेसेज सुपरवायझरनं व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचा. कॉन्ट्रॅक्टर कुरकुरला पण तयार झाला, कारण 15 वर्षं विनाअपघात चालवलेला ड्रायव्हर त्याला सहज मिळत नाही. ही गोष्ट आपल्या लोकांच्या लक्षातच येत नाही, मालक लोक ड्रायव्हर मिळत नाही म्हणून रडत असतात आणि ड्रायव्हर मात्र पगाराचा आकडा ऐकून मान हलवून येतो, बाकी काही मागतच नाही.

पुढं झालं ते असं. पहिला महिना वाईट गेला. हातात 16 आले कारण मधे दोन दिवस गावी गेला होता ते कापले. दादा चिडचिडा झाला, म्हणायचा घाट परवडला पण हा चौक नको. दिवसभर क्लच दाबून डावा गुडघा दुखायला लागला, लाईनवर हा त्रास नव्हता, तिथं कंबर. दिवाळीच्या आधी जुन्या मालकाचा फोन आला, तेव्हा लाईनला भाडी चांगली असतात, फेरीमागं हजार वाढवून देतो म्हणला, आणि दादा दोन दिवस गप्प गप्प होता. वहिनीनं त्याच्यासमोर शुगरचा नवीन रिपोर्ट ठेवला, जेवणानंतरची 180 वर आली होती. बाकी काही बोलली नाही.

पण तो लोकलवर पण टिकला नाही, आणि माझ्या मते तेच बरं झालं. त्याच कॉन्ट्रॅक्टरची एक गाडी चाकण-वाळूज (संभाजीनगरजवळची एमआयडीसी) चालायची, तिचा ड्रायव्हर सोडून गेला. रात्री 9 ला चाकण सोडायचं, शिक्रापूर, नगर करत पहाटे वाळूज, सकाळी खाली, मिळेल ते भरून संध्याकाळपर्यंत परत, आणि पुढची रात्र घरी. दिवसाआड फेरी, महिन्याला 13 च्या आसपास. फिक्स 18 हजार आणि फेरीला 500 भत्ता. फिक्स 21 हजारांच्या आत असल्यानं ईएसआयसी चालू राहिली, वहिनीचं बाळंतपण नाही पण मावशीच्या मोतीबिंदूला त्याचा उपयोग होईल अशी आशा आहे. तिला अवलंबित म्हणून कार्डावर टाकायचं चाललंय. कॉन्ट्रॅक्टर तोच असल्यानं पीएफमध्ये खंड पडला नाही. हिशोब केला तर कापाकापी जाऊन 22 हजार 500, वाटेतलं खाणं वजा केलं तर साडेवीस. आणि घरी असायच्या दिवशी तो दुपारी तीनला घरात असतो, म्हणून वहिनीनं पॅकिंगचं काम धरलं, आठवड्यातले उरलेले दिवस शेजारची काकू धाकट्याला बघते, महिन्याला हजार रुपये घेते.

रात्रीचं ड्रायव्हिंग हा यातला खरा धोका आहे, तो मी लपवत नाही. पहाटे तीन ते पाच डोळा लागतो म्हणून दादानं नगरच्या पुढं एका पंपावर अर्धा तास झोपायचं ठरवलंय आणि वाळूजला पोचायची वेळ पाचच्या ऐवजी सहा करून घेतली. शुगरच्या गोळीमुळं जेवण चुकवून चालत नाही, म्हणून निघायच्या आधी घरी जेवतो आणि डबा पहाटेचा. वर्षभर हे जमेल का, डॉक्टरला पुढच्या तपासणीत विचारायचं आहे.

वाळूजला पण थांबावं लागतंच. तिथल्या एका युनिटला डॉक, म्हणजे माल उतरवायला गाडी लावायचा धक्का, एकच आहे, सकाळी सहाला पोचलेली गाडी कधीकधी दुपारी दोनला खाली होते, आणि मग घरचा दिवस बुडतो. यावर आम्ही एक केलं, ट्रिपशीटवर 'गेट आत' आणि 'गेट बाहेर' असे दोन रकाने कॉन्ट्रॅक्टरकडून छापून घेतले, चार तासांच्या वर गेलं तर तासाला 60 रुपये ड्रायव्हरला. कॉन्ट्रॅक्टर पुढं कंपनीकडून हाल्टिंग मागतो, त्याला पण तो कागद लागतोच, म्हणून त्यानं फार ताणलं नाही. वाळूजचा गेटवाला आधी सही द्यायला तयार नव्हता. आता दादा गाडी गेटला लागली की घड्याळासकट फोटो काढून ग्रुपवर टाकतो, सही नंतर मागतो. मागच्या महिन्यात त्या रकान्याचे 1140 रुपये आले, आणि डॉकवर दुसरी गाडी लावायची जागा करतोय असं त्या युनिटवाल्यानं कळवलंय.